कोणाला, या प्रश्नाच्या आधी

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान झालं, दुसऱ्या दिवशी गुलाल उधळला, बोटावरची शाईही केव्हाच गेली. पण त्या महिनाभरात नाशिकमध्ये घरोघरी जो वाद रंगला, तो अजून उतरायला तयार नाही. गंगापूर रोडला सकाळी फिरायला जाणारी मंडळी असोत, सिडकोतला चहाचा गाडा असो की लग्नाची पंगत असो, प्रश्न तोच: मत द्यायचं ते पक्ष पाहून की उमेदवार पाहून? एक बाजू म्हणते, माणूस चांगला असला की झालं, पक्ष काय आज आहे, उद्या नाही. दुसरी म्हणते, एकटा चांगला माणूस सभागृहात काय करणार, त्याच्यामागे पक्ष हवा, विचार हवा. आवाज चढतात, जुनी उणीदुणी निघतात आणि शेवटी कोणीतरी ‘जाऊ द्या हो, सगळे सारखेच’ म्हणत विषय गुंडाळतो.

हा वाद वाईट पद्धतीने घातला जातोय असं मला मनापासून वाटतं, कारण दोन्ही बाजूंनी आधीची एक पायरी गाळली आहे. पक्ष पाहायचा किंवा उमेदवार पाहायचा म्हणजे तो कशाशी ताडून पाहायचा? सराफ बाजारात सोनं घासून पाहायलाही कसोटीचा दगड लागतो. आपण दगडाचा पत्ता नसताना दागिन्यावर तासन् तास भांडतो आहोत. माझं म्हणणं असं की मतदाराने आधी स्वतःची राजकीय भूमिका शोधावी, ती साध्या शब्दांत मांडावी, तिच्यातलं काय सोडता येईल आणि काय मुळीच सोडता येणार नाही हे ठरवावं, आणि मगच उमेदवारांच्या यादीकडे वळावं. ही भूमिका घराण्याबरोबर किंवा जातीबरोबर आपोआप अंगाला चिकटते असा आपला समज असतो. चिकटते ती सवय. भूमिका शोधायला बसावं लागतं.

मी शाळेत शिकवतो, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी चुकलेली नाही. २१ फेब्रुवारी २०१७ ला महापालिकेच्या मतदानाला मी एका केंद्रावर होतो. तेव्हा शहरात ३१ प्रभाग होते, जागा १२२. बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा, म्हणजे एका मतदाराची चार मतं. चारही दिल्याशिवाय यंत्राची शिट्टी वाजत नाही. दुपारी साडेतीनच्या सुमाराला साठीच्या एक बाई आल्या. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या, एक बटण दाबल्याचा आवाज आला आणि त्या बाहेर निघाल्या. आम्ही थांबवलं, ‘मावशी, अजून तीन मतं राहिलीत.’ त्या परत गेल्या, बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या आणि तिथूनच म्हणाल्या, ‘एकाला ओळखत होते, त्याचं झालं. बाकीच्या तिघांना मी कुठं ओळखते? तुम्हीच दाबा ना सर.’ नियमाने जेवढं सांगता येतं तेवढंच सांगितलं, की प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबा, कोणी नको असेल तर शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ आहे. अंदाज घेत घेत तीन बटणं दाबली गेली, शिट्टी वाजली. त्यांच्या मागोमाग एक तरुण आला. आत गेला, खट् खट् खट् खट्, दहा सेकंदांत बाहेर.

पुढे कितीतरी दिवस ते दोघं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. त्या मावशी उमेदवार पाहून मत देणाऱ्या होत्या आणि एका माणसापुढे त्यांची ओळख संपली. त्या मुलाने चार वेळा चिन्ह पाहिलं असावं, निदान त्याच्या वेगावरून मला तसं वाटलं. दोघांना चार मतं देताना ज्याचा आधार व्हायला हवा होता ती गोष्ट, म्हणजे ‘मला या शहराकडून काय हवंय आणि ते का हवंय’, दोघांकडेही नव्हती. त्या मावशींनी निदान आपल्याला माहीत नाही हे मोठ्याने कबूल केलं. आपल्यापैकी किती जण तेवढं करतात?

उमेदवार पाहणाऱ्यांच्या बाजूला मोठा पुरावा आहे आणि तो नाशिकचाच आहे. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. माणूस कराडचा, नाशिकशी नातं नाही, तरी कोणी विरोधात उभं राहिलं नाही. व्यक्तीची लायकी पाहून एका शहराने पक्षाच्या भिंती बाजूला ठेवल्या, हे खरंच. पण त्यानंतर १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती आली, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. आज खासदार-आमदाराने पक्षाचा व्हिप, म्हणजे आदेश, मोडून मत दिलं तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. नगरसेवकांसाठीही राज्याचा १९८६ चा तसाच कायदा आहे. म्हणजे तुम्ही निवडलेला सज्जन माणूस ऐन ठरावाच्या वेळी हात वर करणार तो पक्ष सांगेल तसाच. त्याचा सज्जनपणा तुमच्या दारात, तुमच्या फोनला उत्तर देण्यात दिसेल. विकास आराखड्यावर मतदान असेल त्या दिवशी तो दिसेलच असं नाही.

मग पक्ष पाहावा? २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या ज्या मतदाराने पक्ष पाहून मत दिलं, त्याने पुढच्या चार वर्षांत काय पाहिलं? जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. नाव कोणाचं, चिन्ह कोणाचं, मूळ पक्ष कोणता, याचा निवाडा निवडणूक आयोगात, विधानसभा अध्यक्षांच्या दालनात आणि सर्वोच्च न्यायालयात चालला. मतदाराने विश्वास ठेवला तो पक्ष नेमका कुठे गेला हे सांगायला वकील लागले. चिन्हाचं म्हणाल तर २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत जे झालं ते आठवा. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच मतपत्रिकेवर त्यांच्या उमेदवाराच्याच आडनावाचा एक अपक्ष होता आणि त्याला नुसती तुतारी मिळाली होती. त्या अपक्षाला एक लाखाच्या वर मतं पडली. त्यातली किती चुकून पडली हे मोजायची सोय नाही, पण त्या अपक्षाचा प्रचार गावोगाव पोहोचला होता असं कोणीही म्हणणार नाही.

उमेदवार उडी मारतो, पक्ष फुटतो, चिन्ह गोठतं. या सगळ्या व्यवहारात पाच वर्षं एका जागी उभा राहू शकेल असा एकच माणूस आहे, तो म्हणजे मतदार. आणि त्यालाच आपण विचारत नाही की बाबा, तुझं म्हणणं काय? २०१२ मध्ये या शहराने मनसेला ४० नगरसेवक दिले, पाच वर्षांनी ५ ठेवले. मत फिरवण्यात गैर काही नाही, लोकशाहीत मत फिरलंच पाहिजे. पण काय मागितलं होतं, त्यातलं काय मिळालं नाही म्हणून फिरलो, हे तेव्हा फिरलेल्या दहा जणांना विचारा. मी विचारलं आहे. ‘यांनी काही केलं नाही’ यापलीकडे फारसं उत्तर येत नाही. ‘काही’ म्हणजे काय हे आधीच कुठे तरी लिहून ठेवलं असतं, तर पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तेच मागता आलं असतं.

आता ही भूमिका शोधायची कशी, ते सांगतो. पुस्तकातून सांगण्यापेक्षा घरातलंच सांगतो.

निफाड तालुक्यात आमची थोडी शेती आहे, ती थोरले बंधू, आमचे दादा, पाहतात. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, त्या आठवड्यात मी गावी होतो. लाल कांदा काढणीला आलेला. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो. लाल कांद्यात ते बळ नसतं. दादांनी ढिगातला एक कांदा उचलला, वरची साल अंगठ्याने चोळून काढली आणि माझं बोट धरून त्याच्या मानेवर दाबलं. मान मऊ लागली, ओल होती. ‘हा माल थांबतो का? आज नाही विकला तर पंधरवड्यानं उकिरड्यावर.’ आणि मग म्हणाले, ‘सरकारनं आमच्या बाजारात हातच घालू नये.’

मी मान हलवली. पण रात्री झोप लागेना. दिवाळीच्या आसपास नाशिकला भाजीबाजारात कांद्याचा भाव ऐकून ‘सरकार झोपलंय का’ असं मीच म्हणालो होतो. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये भाव कोसळले होते, राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं होतं, तेव्हा सातबारा आणि विक्रीच्या पट्ट्या घेऊन दादांनीही अर्ज भरला होता. भरलाच पाहिजे होता, तो त्यांचा हक्क होता. पण मग सरकारने बाजारात हात घालावा की घालू नये? भाव पडला की घालावा आणि चढला की घालू नये, हे दादांचं म्हणणं. माझं नेमकं उलटं. दोन सख्खे भाऊ, दोघांच्याही तोंडी तत्त्वाची भाषा, आणि दोघंही खरं तर आपापला खिसा बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून मी हे दादांना बोलून दाखवलं. त्यांना राग आला. शहरात राहून तुला काय कळतं, वगैरे झालं. वहिनींनी चहा आणला, तो निवून गेला. पण दादा विचार करणारा माणूस आहे. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘तू म्हणतोस ते खरंय. पण माझं दुखणं वेगळं आहे. नियम लावणीच्या आधी सांगा ना. रोप लावलं, औषधं मारली, मजुरी दिली, माल खळ्यात आला आणि मग तुम्ही दार लावता. आधी माहीत असतं तर मी मका केला असता.’

त्या वाक्यापाशी आम्हाला पाय टेकायला जमीन मिळाली. सरकार हवं की बाजार हवा, या झगड्याच्या खाली दुसरीच गोष्ट होती. खेळ अर्ध्यावर असताना नियम बदलू नयेत. आणि भाव चढल्यावर ज्याचा नफा तुम्ही ग्राहकासाठी अडवता, भाव पडल्यावर त्याच्या तोट्यातही तुमचा वाटा असलाच पाहिजे. यात दादांनाही काही सोडावं लागतं, मलाही. मला वर्षातले काही महिने महाग कांदा खावा लागेल आणि तक्रार करता येणार नाही. ही किंमत मला मान्य आहे का, असं मी स्वतःला विचारलं. मान्य आहे, असं उत्तर आलं. तेव्हा मला वाटलं की हे आता माझं म्हणणं झालं. ज्या भूमिकेसाठी आपल्या खिशातून दमडीही जात नाही, तिच्यावर आपला विश्वास आहे की ती नुसती सोयीची आहे, हे कळायला मार्गच नसतो.

आणखी एक झालं. हे सूत्र कांद्यापुरतं राहिलं नाही. अंबडच्या छोट्या कारखानदाराने कर्ज काढून यंत्र घेतलं आणि मग धोरण फिरलं, रस्त्यावरच्या फेरीवाल्याला पावती देऊन बसवलं आणि एका सकाळी उठवलं, परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी अभ्यासक्रम ऐन वेळी बदलला, या सगळ्यांना तेच सूत्र लागू पडतं. आपल्याला ज्यांच्याशी देणंघेणं नाही अशा माणसांच्या बाजूनेही जे उभं राहतं, ते स्वार्थाच्या पलीकडे गेलेलं असतं. याच जिल्ह्यात १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं कांद्याचं आंदोलन पेटलं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही संघटनेची घोषणा पाच शब्दांची आहे, पण तिच्यावरून अनुदान, कर्जमाफी, निर्यात, आयात, प्रत्येक प्रश्नावर भूमिका काढता येते. ती तुम्हाला पटो न पटो. मी स्वतः ती पूर्ण मानत नाही. पण तिला भूमिका म्हणतात.

आणि पक्ष पाहून कांद्याचा प्रश्न सुटतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तारखा पाहाव्यात. डिसेंबर २०१० मध्ये निर्यात थांबवली तेव्हा दिल्लीत काँग्रेसप्रणीत सरकार होतं. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये थांबवली तेव्हा भाजपप्रणीत. सरकारं बदलली, पण भाव चढला की निर्यातीचं दार लावायची रीत तीच राहिली, कारण दोन्हीकडच्यांना शहरातल्या माझ्यासारख्या गिऱ्हाइकाची भीती होती. मी महाग कांद्याला तयार आहे हे मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. २०२४ ला दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, कांद्याने पाडलं असं सगळे म्हणाले. राग पोहोचला, यात शंका नाही. पण रागाबरोबर मागणी पोहोचली का? पुढचं सरकार कोणाचंही येवो, लावणीआधी धोरण जाहीर करा, असं लेखी वचन किती गावांनी किती उमेदवारांकडून घेतलं?

माझ्या या म्हणण्यावर जे आक्षेप येतात त्यातला सर्वांत वजनदार असा, की तत्त्व ही पोट भरलेल्यांची चैन आहे. ज्याच्या नळाला पाणी नाही, ज्याला रेशन कार्डासाठी, दवाखान्यातल्या खाटेसाठी कोणाची तरी चिठ्ठी लागते, तो काम करून देणाऱ्यालाच मत देणार. त्याला तुम्ही भूमिका शिकवू नका. यातला पहिला भाग मी मान्य करतो आणि मान खाली घालून मान्य करतो. उन्हाळ्यात टँकर पाठवणाऱ्याला मत देणारी बाई मूर्ख नाही. तिच्याकडे असलेल्या एकमेव नाण्याने ती तिची सगळ्यांत मोठी गरज विकत घेते आहे. पण दुसरा भाग मला मान्य नाही, कारण गरिबांना तत्त्व परवडत नाही हे म्हणणं मी माझ्या डोळ्यांनी खोटं ठरताना पाहिलं आहे.

६ मार्च २०१८ ला दुपारी नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा मुंबईकडे निघाला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला होतो. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची माणसं, बहुसंख्य आदिवासी, डोक्यावर लाल टोप्या, बायकांच्या डोक्यावर गाठोडी, कित्येकांच्या पायांत झिजलेल्या चपला. सुमारे १८० किलोमीटर चालत १२ मार्चला ते आझाद मैदानावर पोहोचले. शेवटचा टप्पा सोमय्या मैदानापासून त्यांनी रात्रीच चालून काढला, कारण सकाळी दहावीची परीक्षा होती आणि मुलांना अडथळा नको होता. ते मागत काय होते? कर्जमाफी, पेन्शन हे होतंच. पण मुख्य मागणी वनजमिनीची होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने जे द्यायचं कबूल केलं ते द्या, पिढ्यान् पिढ्या कसतो ती जमीन आमच्या नावावर करा. कोणा पुढाऱ्याच्या मेहरबानीने मिळालेला तुकडा त्यांना नको होता, कायद्याने ठरलेला हक्क कागदावर हवा होता. टँकर आणि नळ यांत जो फरक आहे तोच हा फरक. टँकर पाठवणाऱ्याचे आभार मानावे लागतात, नळाचं बिल भरून हिशेब विचारता येतो. सोललेल्या पायांनी चालणाऱ्या त्या माणसांना हा फरक पक्का ठाऊक होता. गंगापूर रोडवरच्या कितीतरी सदनिकाधारकांना तो ठाऊक नाही. आपल्या सोसायटीसमोरचा रस्ता ‘करून देणाऱ्या’ माणसाचे आभार मानणारे फलक आपणच वर्गणी काढून लावतो.

दुसरा आक्षेप: तत्त्वाने दिलेलं मत वाया जातं. आपल्या पद्धतीत ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकतो, बाकीच्यांच्या मतांना पुढे किंमत राहत नाही. मनापासून पटलेला उमेदवार तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर जाणार असेल तर त्याला मत देऊन तुम्ही नको असलेल्यालाच मदत करता. हे गणित खरं आहे. २०२४ च्या विधानसभेला आपल्याच जिल्ह्यात मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. त्याच वर्षी मुंबई वायव्य लोकसभेचा ४८ मतांनी. अशा ठिकाणी ‘मी माझ्या तत्त्वाला मत दिलं’ म्हणणाऱ्याने परिणामांची जबाबदारीही घेतली पाहिजे. म्हणून त्यातल्या त्यात कमी वाईटाला मत देणं मी तत्त्वच्युती मानत नाही. पण कमी वाईट कोण हे ठरवायला काय वाईट आणि किती वाईट याचा क्रम तर आधी लावावा लागेल? काय सोडलं आणि कशासाठी सोडलं हे ज्याला सांगता येतं त्याने तडजोड केली. ज्याला सांगता येत नाही तो वाहत गेला, आणि मतदानाच्या यंत्रात दोघांचं बटण सारखंच वाजतं. आगरकरांनी इष्ट आणि शक्य असा भेद केला होता, की बोलायचं ते इष्ट आणि करायचं ते शक्य. आपण करतो ते शक्य आणि बोलतोही तेवढंच, म्हणून दर निवडणुकीला शक्य गोष्टींचं वर्तुळ आणखी लहान होत जातं.

शिवाय वाया म्हणजे किती दिवसांच्या हिशेबाने वाया? १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत खुद्द डॉ. आंबेडकर मुंबईतून पराभूत झाले. त्या दिवशीच्या गणितात त्यांची सगळी मतं वाया गेली. पण त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाच्या मागे ठाम माणसं आहेत हे त्या मतांनी सर्वांना दाखवलं. संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली तेव्हा फेडरेशन तिचा घटक होतं, आणि १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, नाशिकने फेडरेशनच्या दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत पाठवलं. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्यांना काळाराम मंदिराच्या दारात अडवलं होतं, त्यांना. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती हे खरं, पण त्या लाटेत शिरायला त्यांचे मतदार आधीपासून एका जागी उभे होते.

काळारामाचं नाव निघालंच आहे तर सर्वांत कठीण आक्षेपाकडे येतो. तत्त्वाने माणूस आंधळा होतो, हट्टी होतो. थोडीशी सोय, थोडीशी देवाणघेवाण असलेलं राजकारणच समाजाला परवडतं, असं माझे एक ज्येष्ठ सहकारी नेहमी म्हणतात. मी त्यांना टाळून पुढे जाऊ शकत नाही. २ मार्च १९३० ला सत्याग्रही मंदिराच्या दाराशी आले तेव्हा आत दारं लावून बसलेल्यांनाही आपण धर्म राखतो आहोत असंच वाटत होतं. त्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. मग ठाम असणं हे बरोबर असण्याचं लक्षण कसं?

नाहीच ते. म्हणून शोधलेली भूमिका उलटी धरून पाहावी लागते. दाराच्या दुसऱ्या बाजूला मी असतो, तर हाच नियम मला न्याय्य वाटला असता का? आतल्यांपैकी एकानेही जन्मामुळे बाहेर उभं राहणं स्वतःसाठी मान्य केलं नसतं. तिथे त्यांची भूमिका कोसळते आणि बाहेरच्यांची टिकते. नाशिककरांनो, ही कसोटी आजच्या प्रश्नांना लावून बघा. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा शहर पेटून उठलं, मीही त्यात होतो. पण माझ्या कॉलनीतला रस्ता रुंद करताना गेलेल्या झाडांच्या वेळी मी गप्प होतो, कारण गाडी लावायला जागा मिळणार होती. तपोवनात मी पर्यावरणवादी आणि घरासमोर वाहनधारक. हे मला त्या कसोटीने दाखवलं, आणि ते पाहणं सुखाचं नव्हतं.

भूमिका असलेला माणूस बदलत नाही, हाही एक गैरसमज. बाबासाहेबांनी १९३४ मध्ये दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून कळवलं की मंदिरप्रवेशाची चळवळ अस्पृश्यांना मूर्तिपूजक करण्यासाठी नव्हतीच, त्यांना जागं करण्यासाठी होती आणि ते काम झालं आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. पाच वर्षांत रस्ता पूर्ण बदलला, आणि कारणं सांगून, भर सभेत, त्याची सगळी किंमत स्वतः मोजायच्या तयारीने बदलला. त्यांचं मूळ म्हणणं, माणूस म्हणून समान प्रतिष्ठा, तसूभर हललं नव्हतं. उमेदवारी कापली म्हणून अर्ज भरायच्या शेवटच्या रात्री गळ्यातला पट्टा बदलणाऱ्यांच्या बाजूला हे ठेवून पाहा. दोन्हीला आपण ‘भूमिका बदलली’ असंच म्हणतो, भाषेवर केवढा अन्याय! याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ज्याच्याजवळ स्वतःचं म्हणणं नाही त्याला भक्तीशिवाय दुसरं काय उरतं?

‘नोटा’बद्दल थोडंच. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो पर्याय आला आणि २०१८ मध्ये आपल्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची फेरनिवडणूक घ्यायचं ठरवलं. चांगलं हत्यार आहे. पण ‘सगळे सारखेच’ म्हणून दाबलेला नोटा आणि ‘या चौघांपैकी एकानेही माझ्या अमुक प्रश्नावर उत्तर दिलं नाही’ म्हणून दाबलेला नोटा यांत मला जमीनअस्मानाचं अंतर दिसतं. पहिल्यासाठी काही वाचावं, विचारावं लागत नाही.

यंदा मतदानाच्या आदल्या रात्री पुतण्या आमच्याकडे आला होता. कॉलेजसाठी इथेच राहतो, पहिलंच मतदान. ‘काका, चार मतं आहेत, कोणाकोणाला टाकायची ते सांगा, मी लिहून घेतो.’ मी त्याला जुन्या वहीतला एक कागद दाखवला. २०१७ च्या ड्यूटीवरून आल्यावर त्याच आठवड्यात मी त्यावर सात ओळी लिहिल्या होत्या, त्यात एकाही पक्षाचं किंवा माणसाचं नाव नाही. पाचवी ओळ होती, ‘शहराचा कारभार नगरसेवकांपेक्षा अधिकाऱ्यांच्या हाती असलेला बरा.’ मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं माझी ती इच्छा पुरी झाली, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. अधिकारी बरे की वाईट हा मुद्दाच नव्हता. मुद्दा असा होता की सगळं शहर खोदायचं की नाही, पैसा कुठे घालायचा, हे भर सभागृहात विचारू शकेल असा कोणीच नव्हता, आणि ज्याला आपण घरी बसवू शकतो असाही कोणी नव्हता. ती ओळ मी खोडली आहे, शेजारी तारीख आणि कारण लिहिलं आहे.

पुतण्याने कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, ‘काका, तिसरी ओळ मला नाही पटत.’ तिसरी ओळ कांद्याची होती, दादांशी बोलून झाल्यावर नव्याने लिहिलेली. शेतकऱ्याचाच मुलगा, आणि त्याला वाटत होतं की माझं सूत्र भूमिहीन मजुराचा विचारच करत नाही, त्याला ना निर्यातीचा फायदा ना अनुदानाचा, महाग कांदा मात्र त्यालाही घ्यावा लागतो. रात्री बारापर्यंत आम्ही भांडलो. माझ्याकडे त्याला पुरं उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याने वहीतलं एक कोरं पान फाडून घेतलं. सकाळी मतदानाला निघताना मी नावं विचारली नाहीत, त्यानेही सांगितली नाहीत. पान घडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात होतं.